महाराजांची उंच जीप आणि पिनियनचं तोंड

एका जंगलात वाघ उरले नव्हते. का उरले नव्हते ते विचारू नका, मुलांनो. तिथेही कोणी विचारलं नाही, म्हणून तर उरले नव्हते.

वाघ नाहीत म्हटल्यावर राजाची जागा रिकामी पडली. रिकाम्या जागेवर एक मुंगूस जाऊन बसलं. हे मुंगूस साधंसुधं नव्हतं. त्याने एकदा साप मारला होता. निदान ते तसं सांगे. पहिल्या वर्षी तो साप वीतभर होता. पुढच्या वर्षी हातभर झाला. राज्याभिषेकापर्यंत त्याचा अजगर झाला. आता तर त्याचं डोकं ओढ्याच्या अलीकडे आणि शेपूट पलीकडे होतं, असं शाळेत शिकवत. मेलेला साप वाढतो कसा, असं एका मुंगीने गुरुजींना विचारलं. ती मुंगी आता शाळेत येत नाही.

मुंगूस महाराजांची एकच अडचण होती. ते बुटके होते. म्हणून गादीवर बसताच त्यांनी पहिला कायदा केला. राजापुढे प्रत्येकाने तोंड खाली ठेवायचं. गव्याने शिंगं मातीला टेकवली. सांबराने नाक गवतात खुपसलं. मोराने मान पायांत घातली. सगळे असे वाकले की महाराज सर्वांत उंच दिसत. कोणाला दिसत, ते विचारू नका. सगळ्यांची तोंडं खाली होती.

महाराजांकडे एक जीप होती. कोणी शिकारी अस्वलाला बघून ती टाकून पळाला होता. जीप चालवायला भिवा नावाचं शेकरू होतं. शेकरू म्हणजे मोठी रानखार, मुलांनो. अंग मांजराएवढं आणि शेपूट अंगाहून लांब. भिवाचे पाय पेडलपर्यंत पोचत नसत, म्हणून त्याने पायांना बांबूचे तुकडे बांधले होते. पुढच्या पायांनी तो स्टिअरिंग धरे आणि गिअर शेपटीने टाके.

आता दुसरा कायदा ऐका. प्रवासात महाराजांना हादरा बसला, तर गाडी हाकणाऱ्याचं शेपूट कापायचं.

भिवाच्या आधी एक माकड ड्रायव्हर होतं. एका खड्ड्यात त्याचं शेपूट गेलं. ते बिचारं शहरात निघून गेलं आणि तिथे त्याने चांगलं नाव काढलं. तिथे त्याला कोणी वेगळं ओळखतही नाही. पण शेकराचं तसं नसतं. शेकरू राहतं उंच झाडाच्या शेंड्यावर आणि या झाडावरून त्या झाडावर जातं ते उडी मारून. उडीत तोल सांभाळतं ते शेपूट. शेपूट गेलं की घर गेलं. भिवाची बायको पारू आणि तीन पिल्लं एका ऐनाच्या झाडाच्या शेंड्यावर होती. त्यामुळे भिवा रस्त्याकडे कमी आणि खड्ड्यांकडे जास्त बघत असे. गाडी अशी चालवी की महाराजांना आत डुलकी लागे.

एकदा महाराज ओढ्याकाठच्या दौऱ्यावर गेले. लांडोरी आरतीची ताटं घेऊन उभ्या होत्या. तोंड खाली ठेवून ओवाळायचं, म्हणजे सगळा अंदाजाचा मामला. त्यात महाराज जीपच्या दारामागे पार बुडालेले. लांडोरींनी आरती ओवाळली ती मागच्या स्टेपनीला. गोल, काळी, भारदस्त. त्यांना वाटलं, हेच महाराज. एकीने तर स्टेपनीला पेढाही भरवायचा प्रयत्न केला.

महाराज परत आले ते फणफणत. लगेच दरबार भरला.

"उपाय सोपा आहे," भिवा म्हणाला. "सीटवर एक उशी टाकू या."

 राजशिष्टाचाराचे प्रमुख बगळेसाहेब पुढे झाले. त्यांनी एका पायावर उभं राहून पदवी घेतली होती, आणि दुसरा पाय अजून कुठेच टेकवला नव्हता.

"उशी टाकली, तर महाराज बुटके ठरतात," बगळेसाहेब डोळे मिटून म्हणाले. "गाडी उचलली, तर जंगल सखल ठरतं. तुला यांतलं काय म्हणायचंय, भिवा?"

भिवाने शेपूट पोटाशी घेतलं.

"जंगल सखल आहेच, साहेब," तो म्हणाला.

अशी गाडी उचलायची ठरली.

जंगलात गॅरेज एकच होतं, साळूबाईचं. साळूबाई म्हणजे साळिंदर. अंगावर हत्यारं उगवलेलीच होती, तोंडातही होती.

"उंच करायची?" ती म्हणाली. "कशाला? आभाळाला टिकली लावायचीय का?"

"हुकूम आहे, बाई," भिवा म्हणाला.

"मग हरकत नाही. हुकूम असला की मी विचार करत नाही. वेळ वाचतो."

तिने चाकं जोडणारा ॲक्सल आणि त्यावरच्या स्प्रिंगचे पाटे यांच्यामध्ये सागवानी ठोकळे घातले. जीप हातभर वर आली. साळूबाई खाली सरपटत गेली, आणि थोड्या वेळाने तिचा आवाज आला. "ये इकडे. तुझ्या शेपटीचा प्रश्न आहे, बघून घे."

भिवा खाली शिरला.

"हा लांब दांडा बघ. याला शाफ्ट म्हणतात. पुढे गिअरबॉक्स, मागे ॲक्सल. गिअरबॉक्सची ताकद हा मागे नेतो. ॲक्सलमधून हे जे तोंड बाहेर आलंय ना, तो पिनियन. शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा आहे. गाडी उचलली, ॲक्सल खाली राहिला, म्हणून शाफ्ट तिरपा झाला."

"मग वाकडंच झालं की सगळं."

"वाकडं असायला माझी ना नाही. सारखं वाकडं पाहिजे. तिरपा सांधा फिरताना हिसके देतो. पुढच्या सांध्याचा हिसका मागचा सांधा फेडतो, पण कधी? दोन्हींचा कोन सारखा असला तर. गिअरबॉक्सचं तोंड जेवढं खाली झुकलंय, तेवढंच पिनियनचं तोंड वर पाहिजे. ठोकळे घालताना ॲक्सल जरा फिरला आणि पिनियन जमिनीकडे बघायला लागलाय. आता मी पाटा आणि ठोकळा यांच्यात पाचर मारते. तोंड वर येईल."

तिने अंगावरचा एक काटा उपटला आणि गिअरबॉक्सच्या तोंडावर उभा धरला. शेजारी दोऱ्याला दगड बांधून ओळंबा सोडला. काटा आणि दोरा यांच्यात किती फट पडते ते नखाने मोजलं. मग तोच काटा मागे नेऊन पिनियनवर धरला. पाचर ठोकली, पुन्हा मोजलं, थोडी आणखी ठोकली. दोन्हीकडची फट सारखी झाली तेव्हा ती बाहेर आली.

भिवाने बॉनेटवर मधाने काठोकाठ भरलेली करवंटी ठेवली आणि ओढ्यापर्यंत चक्कर मारून आला. मधाचा थेंब सांडला नव्हता. एक माशी मात्र करवंटीत झोपली होती.

आता गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, मुलांनो. गाडी उंच झाली, कोन जुळला, शेपूट वाचलं. पण राजाची गाडी तपासणीशिवाय दरबारात येत नाही, आणि तपासणी करतो तो ज्याला गाडीतलं काही कळत नाही. कळणाऱ्याने तपासलं तर पक्षपात होईल ना.

बगळेसाहेब आले. त्यांनी लांब मान जीपखाली घातली. बराच वेळ मान तिथेच होती.

"हे कोण?" खालून आवाज आला.

"कोण म्हणजे?" साळूबाई म्हणाली.

"महाराजांच्या आसनाखाली तोंड वर करून बसलंय ते."

"तो पिनियन आहे."

"प्रजाजन आहे का?"

"लोखंड आहे, साहेब."

"लोखंड याच जंगलात राहतं ना? इथलंच ऊन खातं, इथलाच गंज खातं. म्हणजे प्रजाजन आहे." मान बाहेर आली. चोचीला ग्रीस लागलं होतं. "महाराज वर बसणार आणि हा खालून थेट त्यांच्याकडे बघणार. गवा वाकतो, सांबर वाकतं, आणि हा कोण लागून गेलाय? तोंड खाली करा."

"साहेब, गिअरबॉक्सचं तोंड आधीच खाली आहे. दोघांनीही खाली बघितलं तर गाडी थरथरेल."

"थरथरू दे. महाराजांपुढे थरथरायला हवंच. आजवर गाडी थरथरत नव्हती, ही बेअदबी माझ्या नजरेतून सुटली, याचं मला वाईट वाटतं."

भिवाने साळूबाईकडे बघितलं. "बाई, नाही म्हण ना. तू म्हटलंस तर ऐकतील."

"मी कशाला म्हणू? शेपूट तुझं. मला एवढंसं आहे, ते काट्यांत कोणाला सापडतही नाही." तिने पाचर काढली आणि उलटी करून ठोकली. पिनियनचं तोंड जमिनीकडे गेलं. बगळेसाहेबांनी पुन्हा मान घालून बघितलं आणि "सुसंस्कृत दिसतोय आता," असं म्हणून ते गेले.

दुसऱ्या दिवशी महाराज जीपमध्ये बसले. गाडी दाट झाडीतून निघाली तेव्हा नुसती गुरगुरत होती. मोकळ्या रस्त्यावर भिवाने वेग वाढवला आणि सीटखालून थरथर उठली. आधी महाराजांच्या मिशा थरथरल्या. मग दात वाजायला लागले. मग मुकुट कानांवरून नाकावर आला.

"भि-भि-भिवा," महाराज म्हणाले, "हे का-काय आहे?"

भिवाने पर्याय मोजले. पिनियन म्हणावं, तर बगळेसाहेबांचा हुकूम चुकीचा ठरतो. खड्डा म्हणावं, तर शेपूट जातं. डोळ्यांसमोर ऐनाचा शेंडा आला, आणि त्या शेंड्याखाली बुंध्याशी बसून वर बघणारा बिनशेपटीचा भिवा आला.

"ध-धरणी, महाराज," तो म्हणाला. "आपण ये-येताय ना, म्हणून थ-थरथरतेय."

महाराजांनी मुकुट वर केला. बाहेर बघितलं. खरंच, झाडं थरथरत होती. डोंगर थरथरत होता. ओढा तर उकळल्यासारखा दिसत होता.

"इ-इतके दिवस का नाही थ-थरथरली?"

"इतके दि-दिवस आपण दि-दिसत नव्हता, महाराज. आता उं-उंच झालात."

महाराजांना हे एकदम पटलं. असं काही सांगितलं की ते एकदम पटत असे. "मग हळू का-का जातोस?" ते म्हणाले. "जो-जोरात घे."

भिवाचं शेपूट वाचलं. त्याला वाटलं, एवढ्याशा थापेने जंगलाचं काय जातंय. दुसऱ्या दिवशी पोपटांनी बातमी दिली, की महाराजांच्या आगमनाने धरणी कंपायमान झाली. एकाही पोपटाने जमिनीवर पाय ठेवून बघितला नाही. पाय ठेवला असता तर बातमी गेली असती, आणि दरबारातून मिळणारा पेरूही गेला असता.

पण खोटी गोष्ट एकदा मान्य झाली की तिला पिल्लं होतात. महाराज म्हणाले, "धरणी थरथरते, मग धरणीवरची प्रजा स्थिर कशी?" बगळेसाहेबांनी लगेच फर्मान काढलं. महाराजांची गाडी जाताना प्रत्येकाने थरथरायचं. तोंड खाली आणि अंग थरथरतं. स्थिर सापडेल त्याला दंड.

सशांची चांदी झाली. ते जन्मतःच थरथरणारे. त्यांना एकदम वरच्या जागा मिळाल्या. गव्याला मात्र जमेना. तो थरथरायला लागला की आजूबाजूच्यांना ओढ्यात ढकलून देई. मग साळूबाईने गॅरेजसमोर थरथरण्याचा क्लास काढला. ती पाठीवरचे काटे खळखळ वाजवून ताल धरे आणि विद्यार्थी त्या तालावर थरथरत. हा ताल तिने जीपखाली कान लावून बसवला होता. जीप आणि प्रजा एका तालात थरथरायला लागल्या आणि नवल घडलं. हलत्या गाडीतून महाराजांना हलती प्रजा अगदी स्थिर दिसायला लागली.

"राज्य आता स्थिर आहे," महाराज म्हणाले. पोपटांनी तेही छापलं.

भिवाला मात्र सीटखालून वेगळाच आवाज येऊ लागला होता. किण, किण, किण. मागच्या सांध्याचा हिसका पुढच्या सांध्यावर आणि पुढच्याचा मागच्यावर पडत होता. दोन जावा एकमेकींवरचा राग भांड्यांवर काढतात तसा. सांधा सुटला तर हादरा बसणार तो साधा नसणार, आणि त्याला धरणी म्हणून भागणार नव्हतं.

तो बगळेसाहेबांकडे गेला.

"साहेब, खालून आवाज येतोय."

"ऐकला मी. पिनियनला पश्चात्ताप होतोय. होऊ दे."

तो साळूबाईकडे गेला. "बाई, पाचर सरळ कर. कोणाला कळणार नाही."

"बगळा रोज सकाळी मान घालून बघतो. आणि समज, केली सरळ. थरथर थांबली. मग माझ्या क्लासात कोण येईल? गव्याची आत्ता कुठे परीक्षा जवळ आलीय."

"अगं, माझं शेपूट जाईल."

"तू ये ना क्लासला. शेपूट गेल्यावर तोल कसा सांभाळायचा, तेही शिकवू. नवीन तुकडी काढते."

भिवा घरी आला आणि पारूला म्हणाला, "खालच्या फांदीवर घर बांधू या का?"

"कशाला?" पारू म्हणाली. "खाली बिबट्या येतो."

भिवाने तिन्ही पिल्लांवर शेपूट पांघरलं.

मग नागवधाचा उत्सव आला. साप मारल्याची आठवण म्हणून त्या दिवशी महाराज जीपमधून टेकडीवर जात. यंदा साप टेकडीएवढा झाला होता, म्हणून टेकडीची निवड. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सगळं जंगल तोंड खाली घालून थरथरत उभं होतं. धूळ, काट्यांची खळखळ, खुरांचा दणदणाट. महाराज सीटवर उभे होते.

चढ लागला. भिवाने शेपटीने गिअर बदलला. किण किण एकदम थांबली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा गाडी शांत झाली, आणि भिवाने स्टिअरिंग घट्ट धरलं.

पुढचा सांधा तुटला होता. शाफ्टचं पुढचं टोक खाली पडलं आणि जमिनीत रुतलं. मागचं टोक पिनियनला धरूनच होतं. पुढे जाणारी जीप त्या रुतलेल्या दांड्यावर उभी राहिली, आणि तशीच हवेत उसळून पालथी पडली. भिवा बाहेर फेकला गेला. शेपूट आपोआप पसरलं, हवेत तोल सापडला, आणि त्याने सावरीची एक फांदी पकडली. सावरीच्या खोडाला काटे असतात, पण शेकराला फांद्या पुरतात.

त्याने खाली बघितलं. जीप चाकं वर करून पडली होती. महाराज दिसेनात.

"भिवा," वरून आवाज आला.

महाराज सावरीच्या शेंड्यावर होते. एका बारीक फांदीला चारी पायांनी मिठी मारून बसले होते. मुकुट तिरपा झाला होता, पण होता. इतक्या उंचावर या जंगलातला कोणताही राजा कधी गेला नव्हता.

"भिवा, सगळं जंगल दिसतंय रे इथून," महाराज म्हणाले. "सगळे खाली आहेत."

"हो, महाराज. पण आता उतरायचं ना? आपल्याला काट्यांवरून उतरता येणार नाही. माझ्या पाठीवर बसा, मी नेतो."

महाराजांनी जरा विचार केला. "मला हादरा बसला," ते म्हणाले.

"बसला, महाराज."

"खाली गेलो की तुझं शेपूट कापावं लागेल."

"ते माफ केलंत तर लगेच उतरवतो. शेपूट आहे म्हणून तर मला उतरवता येतं."

"माफ कसं करू? कायदा मी केलाय. राजानेच मोडला तर राज्याचं काय होईल? तू असं कर, बगळ्याला विचार. काही सवलत असेल तर तो सांगेल."

भिवा फांद्यांवरून खाली आला. बगळेसाहेब पालथ्या जीपशेजारी तोंड खाली घालून थरथरत उभे होते. गाडीचा आवाज बंद झालाय, हे खुरांच्या दणदणाटात त्यांना कळलंच नव्हतं.

"साहेब, महाराज वर आहेत," भिवा म्हणाला.

"महाराज नेहमीच वर असतात."

"तसं नाही. झाडावर आहेत. एकदा बघा तरी."

"वर? महाराजांच्या दिशेने?" बगळेसाहेबांनी मान आणखी खाली घातली. "तू मला काय राजद्रोही समजलास? थरथर नीट. सगळे बघतायत."

कोणीच बघत नव्हतं. भिवाने गव्याला सांगितलं. गवा म्हणाला, "बोलू नकोस, ताल चुकतो." त्याने साळूबाईला सांगितलं. तिने काटे वाजवत म्हटलं, "वर असतील तर चांगलंच आहे की. खाली आले तर तुझंच नुकसान." त्याने पोपटांना सांगितलं. त्यांनी बातमी लिहून घेतली, "महाराज नव्या उंचीवर," आणि तोंड खाली घातलं.

भिवा पुन्हा शेंड्याजवळ गेला.

"सवलत नाही, महाराज. ते वर बघायलाच तयार नाहीत."

महाराजांचा चेहरा उजळला. "म्हणजे कायदा पाळतायत. एकानेही मान वर केली नाही?"

"एकानेही नाही."

"शाबास," महाराज म्हणाले. वारा आला आणि फांदी हलली. त्यांनी मिठी घट्ट केली. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "पण मग मी इतका उंच झालोय, हे कोणाला दिसतंय?"

"मला दिसतंय, महाराज."

"तू तर ड्रायव्हर."

 भिवाने शेंगा तोडून महाराजांच्या हाताशी अडकवल्या. सावरीच्या शेंगांत नुसता कापूस निघतो, तो खाता येत नाही, पण बसायला मऊ होतो. मग तो मागे सरला, शेपूट पसरलं आणि पलीकडच्या झाडावर उडी मारली. तिथून त्याच्या पुढच्या. ऐनाच्या शेंड्यापर्यंत त्याने मागे वळून बघितलं नाही.

खाली सगळं जंगल तोंड खाली घालून थरथरत होतं. संध्याकाळ झाली तरी कोणी थांबलं नाही. थांबायचा हुकूम द्यायला कोणीतरी खाली असावं लागतं.

तात्पर्य : मुलांनो, पिनियन आणि प्रजा यांचं तोंड कधी वर करू नये. गाडी मोडते, पण मोडली हे कोणाला दिसत नाही. आणि जे कोणाला दिसलं नाही, त्याची चौकशी कोणत्याच राज्यात होत नाही.